जी५ घ्यायचा की थांबायचं? नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्याचं प्रकरण

ॲपलनं मॅकमधला पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलवर जायचं जाहीर केलं तेव्हा पुण्याच्या नारायण पेठेत एक डीटीपी-प्रीप्रेसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावून छपाईला तयार करून द्यायचं दुकान होतं, अजूनही आहे, नाव सांगत नाही कारण मालक अजून रोज सकाळी येऊन बसतात आणि सगळं वाचतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या मशीन्सचं मेण्टेनन्स माझ्याकडे होतं, त्यामुळे कोटेशनं, हिशोब, मामा-भाच्याची वादावादी, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. आत्ता हे लिहायचं कारण म्हणजे परत तेच चालू झालंय, यावेळी इंटेलचे मॅक मोडीत निघतायत, आणि लोक परत चिपवरच वाद घालतायत की ही किती फास्ट नि ती किती गार. अण्णांच्या प्रकरणात चिप हा सगळ्यात बिनत्रासाचा भाग होता. गाडं अडलं ते भलत्याच ठिकाणी.

दुकानात काय काय होतं

तीन जी४ टॉवर, एक जी५, आणि कोपऱ्यात एक जुना जी३ (ह्या पॉवरपीसीवाल्या मॅकच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या), तो फक्त जुन्या स्कझी जोडणीवाल्या स्कॅनरसाठी जिवंत ठेवलेला. काम म्हणजे अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची पुस्तकं, गाइडं, कॉलेजांची वार्षिकं, आणि मुख्य म्हणजे दिवाळी अंक. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा गणपती ते दिवाळी एवढ्यातच यायचा. प्रत्येक संपादक सांगतो की गणपती बसायच्या आत सगळा मजकूर देतो, आणि पितृपंधरवड्यात पहिला लेख येतो, तोही हाताने लिहिलेला. त्यामुळे त्या दोन महिन्यांत मशीन बंद पडणं म्हणजे काय हे ज्याने ते दिवस काढलेत त्यालाच कळेल. जी५ वर अण्णांनी स्वतः टाइप करून पाटी लावली होती: "या मशीनवर मेल उघडू नये. उघडल्यास अंक स्वखर्चाने छापून घ्यावा लागेल."

पानं लागायची क्वार्क ४ या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे मॅकच्या जुन्या ओएस ९ वर. जी५ वर नव्या ओएस टेनचं टायगर होतं, १०.४, आणि त्यात क्लासिक नावाची सोय होती, म्हणजे ओएस टेनच्या आत ओएस ९ चालायचं आणि त्यात क्वार्क. फोटोशॉप मात्र सरळ ओएस टेनवर. आणि मराठी फॉण्टचं सॉफ्टवेअर, त्याला डोंगल (लायसन्सची किल्ली म्हणून मशीनला लावायचा तुकडा), डोंगलला ड्रायव्हर.

आता हे फॉण्टचं नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळं प्रकरण शेवटी इथंच येऊन बसतं. डीटीपीत तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, हे फारसं कोणी वापरत नव्हतं. मराठी फॉण्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले मराठी तुकडे, एका जागी काना, एका जागी अर्धा श, एका जागी रफार असं. एकूण २५६ जागा, त्यातल्या पहिल्या १२८ सगळीकडे सारख्या, पण पुढच्या १२८ चा क्रम मॅकचा वेगळा आणि विंडोजचा वेगळा. त्यामुळे मॅकवरची फाइल पीसीवर उघडली की साधी अक्षरं जागेवर आणि जोडाक्षरं, रफार, अर्धचंद्र पार भलतीकडे, 'सूर्य' चा 'सूय' आणि मध्ये कुठलं तरी परदेशी चिन्ह. अण्णांकडे दहाबारा वर्षांच्या फाइली अशा मॅकच्या क्रमात अडकलेल्या होत्या, आणि त्यातली निम्मी पुस्तकं दर एकदोन वर्षांनी पुनर्मुद्रणाला येणारी. म्हणजे दुकानाची खरी मालमत्ता मशीन नव्हती, त्या फाइली होत्या.

बातमी

६ जून २००५, सॅन फ्रान्सिस्को, ॲपलचं डेव्हलपर संमेलन. स्टीव्ह जॉब्सनं स्टेजवरून सांगितलं की २००६ पासून मॅकमध्ये इंटेलचा प्रोसेसर, २००७ अखेर सगळे मॅक बदललेले असतील. कारण जे दिलं ते तसं प्रामाणिक होतं. २००३ मध्ये त्यानंच सांगितलेलं की वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा जी५ येईल, दोन वर्षांनी गाडी २.७ वर, त्यातही वरच्या मॉडेलला पाण्यानं थंड करायची भानगड, आणि जी५ चा लॅपटॉप तर कधी आलाच नाही कारण एवढी उष्णता मांडीवर कोण घेणार. आयबीएमला ॲपल हे गिऱ्हाईक फार मोठं नव्हतंच, त्यांचं लक्ष तेव्हा गेमच्या मशीन्सकडे होतं, एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३, निन्टेंडोचं वी, तिन्हीत पॉवरपीसीचीच भावंडं. जॉब्सनं एक आकडा दाखवला, एका वॅटमागे पॉवरपीसी १५ युनिट काम करतो आणि इंटेलचा येणारा ७०. आणि मग हळूच सांगितलं की ओएस टेन गेली पाच वर्षं गुपचूप इंटेलवरही तयार होत होतं, प्रत्येक आवृत्ती. हे मला आजही सगळ्यात भारी वाटतं, पाच वर्षं तोंड बंद ठेवून दोन्ही डगरींवर पाय ठेवणं सोपं नाही.

त्याच दिवशी फिल शिलरनं दुसरी गोष्ट स्पष्ट केली. मॅकवर कोणी विंडोज टाकलं तर आम्ही अडवणार नाही, पण ओएस टेन ॲपलच्या मशीनशिवाय दुसऱ्या कशावर चालू देणार नाही. पहिली बातमी सगळ्यांनी वाचली. दुसरी मात्र आमच्या दुकानात फक्त अण्णांच्या भाच्यानं वाचली, आणि ती आव्हान म्हणूनच वाचली.

मशीन्स ठरल्यापेक्षा आधीच आली. १० जानेवारी २००६ ला इंटेलचा आयमॅक आणि मॅकबुक प्रो, ऑगस्टमध्ये मॅक प्रो. २००७ अखेरची मुदत असताना २००६ मध्येच काम तमाम.

चार रस्ते

२००६ च्या जून-जुलैमध्ये अण्णांना निर्णय घ्यायचा होता, कारण दोन जी४ आता फोटोशॉप उघडताना चहा पिऊन यायला सांगत होते आणि गणपती तोंडावर. रस्ते चार होते.

पहिला, इंटेलचा मॅक घ्यायचा. दिसायला हाच सरळ. जुनी सॉफ्टवेअर चालावीत म्हणून ॲपलनं रोझेटा दिलेलं, ट्रान्झिटिव्ह नावाच्या कंपनीचं तंत्र, पॉवरपीसीच्या सूचना चालता चालता इंटेलच्या सूचनांत बदलणारं. वापरणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही, आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की उघडायचं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच थक्क झालो होतो. पण रोझेटाच्या मर्यादा बारीक अक्षरात होत्या आणि अण्णांचं दुकान नेमकं त्या बारीक अक्षरात राहत होतं. क्लासिक इंटेलवर नाहीच, म्हणजे ओएस ९ गेलं, म्हणजे क्वार्क ४ गेलं. ड्रायव्हर रोझेटातून चालत नाहीत, म्हणजे डोंगलचा जुना ड्रायव्हर असलेलं काहीही गेलं. फोटोशॉप चालेल, पण त्याची तेव्हाची आवृत्ती सीएस२ इंटेलसाठी बनलेली नव्हती, रोझेटातून चालवलं तर अण्णांच्या आहे त्या जी५ पेक्षा हळू. इंटेलसाठीचं सीएस३ यायला २००७ चा एप्रिल उजाडला. म्हणजे नवीन मशीन घ्यायचं, पैसे मोजायचे, आणि दिवाळी अंकाच्या गर्दीत जुन्यापेक्षा हळू काम करायचं. हात दाखवून अवलक्षण.

फॉण्टवाल्या कंपनीला फोन केला (नाव नको). इंटेल मॅकसाठी नवी आवृत्ती कधी? "डेव्हलपमेंट चालू आहे सर." हे वाक्य मी तेव्हापासून इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता त्याचा अर्थ मला 'नाही' असाच लागतो.

दुसरा रस्ता, पॉवर मॅक जी५ घ्यायचा, शेवटचा माल मिळतोय तोवर. सगळं आहे तसं चालणार, पण मशीन घेतानाच त्याच्या कपाळावर मुदत लिहिलेली.

तिसरा, मॅकला रामराम, विंडोज. पेठेतले निम्मे डीटीपीवाले तिकडेच होते, मराठी फॉण्ट तिकडे जास्त, मशीन स्वस्त, दुरुस्त करणारे पायलीचे पन्नास. अडचण फक्त त्या १२८ जागांची. कन्व्हर्टर होते, चालायचे पण. मात्र कन्व्हर्ट केलेल्या प्रत्येक पुस्तकाचं परत प्रूफ वाचावं लागणार, आणि पुनर्मुद्रणाला प्रकाशक प्रूफाचे पैसे देत नाही, त्याचं म्हणणं असतं की मागच्या वेळी बरोबर होतं ना, मग आता काय वाचायचं?

आणि चौथा रस्ता घेऊन आला भाचा.

तपकीर गल्लीतला मॅक

भाचा हिंजवडीत नोकरीला, रविवारी मामाकडे जेवायला यायचा आणि जेवण झालं की दुकानात. त्याचं म्हणणं सोपं होतं आणि तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं. "मामा, ॲपलचं मशीन आता आतून साधा पीसीच आहे. तोच प्रोसेसर, तोच चिपसेट. आपण निम्म्याहून कमी पैशात इथंच बनवू की."

ॲपलनं डेव्हलपर लोकांना सरावासाठी जे मशीन ९९९ डॉलरला भाड्यानं दिलं होतं ते खरोखरच जी५ च्या पेटीत बसवलेला ३.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ होता, २००६ अखेर परत करायच्या बोलीवर. त्यावरची ओएस टेन बाहेर फुटली, कुणीकुणी त्यातले अडथळे काढले आणि जगभर लोक घरच्या पीसीवर टाकायला लागले. भाच्यानं बुधवारातल्या तपकीर गल्लीतून आणि आजूबाजूनं माल जमवला, बोर्ड मुद्दाम ९१५ चिपसेटचा, कारण डेव्हलपर मशीनमध्ये तीच ग्राफिक्स होती आणि ती ओळखली जायची. एका रविवारी दुपारी काळ्या पत्र्याच्या कॅबिनेटवर, तेही एका बाजूचं झाकण नसलेल्या, ओएस टेनचा निळा डेस्कटॉप आला. आवाज नव्हता, स्लीप केलं तर परत उठत नव्हतं, पण फोटोशॉप उघडलं. अण्णांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्याचं बिल कुठंय?"

भाचा हसला, पण प्रश्न गमतीचा नव्हता. महाराष्ट्रात एप्रिल २००५ पासून व्हॅट आलेला, खरेदीच्या बिलावर वजावट मिळायची, अण्णा कागदाला पक्के. बोर्ड, रॅम, हार्डडिस्कची बिलं होती. त्यात जे चालत होतं त्याचं नव्हतं. आणि विकत घ्यायला गेलं तरी घेता येत नव्हतं, हा खरा मुद्दा. टायगरचा डबा १२९ डॉलरला मिळायचा पण तो पॉवरपीसीचा, इंटेलवालं ओएस टेन तेव्हा फक्त मशीनबरोबर यायचं. आणि लायसन्समध्ये स्पष्ट अट की ॲपलचं लेबल असलेल्या एका कॉम्प्युटरवरच टाकायचं.

कुलूप कसलं होतं तेही गमतीचं आहे. सुरुवातीच्या डेव्हलपर मशीन्समध्ये टीपीएम नावाची सुरक्षेची चिप होती, त्यावरून बरीच ओरड झाली. विक्रीच्या मॅकमध्ये ॲपलनं वेगळी युक्ती केली, फाइंडर, डॉक, लॉगिनची खिडकी असे मोजके महत्त्वाचे प्रोग्राम डिस्कवर एन्क्रिप्ट करून ठेवायचे आणि त्यांची किल्ली मशीनमधल्या पंखे नि तापमान सांभाळणाऱ्या चिपमध्ये. ती किल्ली म्हणजे एक वाक्य आहे, आमच्या मेहनतीवर या शब्दांचा पहारा आहे, कृपया चोरू नका, अशा अर्थाचं. आणि ती उलगडणाऱ्या ड्रायव्हरचं नावच 'मॅक ओएस टेन चोरू नका'. म्हणजे तिजोरी वगैरे काही नव्हती, दारावर लावलेली पाटी होती, अगदी पुणेरी. तोडणाऱ्यानं आरामात तोडली. पण तोडली की तुम्ही जाणूनबुजून तोडली हे सिद्ध व्हायला दुसरं काही लागत नाही, पाटी लावण्यातला हेतू मला वाटतं तोच असावा.

अण्णांनी भाच्याचं मन मोडलं नाही, पण मशीनला अंकाचं कामही दिलं नाही. फोटो साफ करायला, ओरखडे काढायला ठेवलं. ऐन नवरात्रात १०.४.८ चा अपडेट आला, खिडकी समोर आली, ऑपरेटर पोरानं सवयीनं इन्स्टॉल दाबलं. रिस्टार्ट झाल्यावर राखाडी पडद्यावर सफरचंद आलं आणि पुढे काही नाही. जे बदललेलं कर्नल (ओएसचा गाभा) घालून मशीन चालत होतं त्याच्यावर अपडेटनं मूळचं आणून बसवलं, एवढंच झालं होतं. भाचा रात्री येऊन नीट करतो म्हणाला, तो ऑफिसातून सुटून हिंजवडीहून नारायण पेठेत पोचेपर्यंत साडेदहा. तेवढ्यात अण्णांनी मला जे सांगितलं ते मी अजून दुसऱ्यांना ऐकवतो: "ॲपलचा वकील काय माझ्या दारात येणार नाही रे. पण बंद पडल्यावर फोन कुणाला करायचा, ते सांग."

काय घेतलं आणि पुढे काय झालं

घेतला जी५, ड्युअल कोअर २ गिगाहर्ट्झचा. २००६ च्या ऑगस्टमध्ये मॅक प्रो आला आणि जी५ ची विक्री संपली, त्याच्या थोडं आधी. त्यावर टायगर टाकलं ते कायमचं, कारण पुढच्या लेपर्डनं २००७ मध्ये क्लासिक पॉवरपीसीवरूनही काढून टाकलं. जुनी पुस्तकं, जुन्या फाइली, क्वार्क ४, डोंगल हे सगळं त्या एका मशीनवर. २००६ चा सीझन त्यावर बिनबोभाट निघाला.

सीएस३ आल्यावर आणि थोडं स्थिरावल्यावर २००८ मध्ये एक मॅक प्रो घेतला, फोटोशॉपसाठी, आणि तो खरोखर उडायचा. मराठीची नवीन कामं हळूहळू विंडोजवर, दोन पीसी असेंबल केले, ते बिलासकट. जुनं पुस्तक पुनर्मुद्रणाला आलं आणि त्यात बदल फार असले तरच कन्व्हर्ट करायचं, नाहीतर जी५ वरच पान उघडून आवृत्तीचा आकडा बदलायचा आणि पॉझिटिव्ह (छपाईची फिल्म) काढायला द्यायचं. कन्व्हर्ट केलेलं वाचायला एक निवृत्त शिक्षिका यायच्या. बाईंची पद्धत अशी की त्या वाक्य वाचायच्याच नाहीत, अर्थात अडकलं की डोळा चूक गिळतो म्हणायच्या, पट्टी ठेवून ओळीच्या फक्त वरच्या काठावर नजर फिरवायच्या, रफार, मात्रा, अनुस्वार. खालचा काठ दुसऱ्या फेरीत, उकारांसाठी. कन्व्हर्टरनं कुठलं जोडाक्षर खाल्लंय याची त्यांनी वहीत यादी केली होती, ती यादी फॉण्टवाल्या कंपनीकडेही नव्हती.

जी५ ची मुदत कशी संपत गेली ते बघा. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्नो लेपर्ड आलं, पॉवरपीसी बंद. म्हणजे विक्री संपल्यापासून तीन वर्षांत त्या मशीनसाठी नवीन ओएस नाही. २०१० मध्ये ॲडोबीचं सीएस५, फक्त इंटेल. २०११ मध्ये लायन आलं आणि रोझेटाच काढून टाकलं, म्हणजे इंटेल मॅकवरसुद्धा जुनं सॉफ्टवेअर बंद. इथं मॅक प्रो पण अडकला, कारण फर्म्यात पानं लावायचं एक छोटं सॉफ्टवेअर पॉवरपीसीचंच होतं आणि बनवणारा धंदा गुंडाळून गेलेला, म्हणून तो मॅक प्रो वर्षानुवर्षं स्नो लेपर्डवरच. आणि ज्या युनिकोडची सगळे वाट बघत होते ते पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये अधिकृतपणे भारतीय लिप्यांसाठी आलं सीएस६ मध्ये, २०१२ ला. म्हणजे अण्णांना २००६ मध्ये जो पूल हवा होता तो सहा वर्षांनी बांधून झाला. तोवर काठ बदलले होते.

कुलपाबद्दल माझं मत

भाचा आजही म्हणतो की ॲपलनं ओएस सगळ्यांना विकलं असतं तर हा त्रासच झाला नसता. मायकल डेलनंही २००५ मध्ये जाहीर सांगितलेलं की ॲपल द्यायला तयार असेल तर आम्ही आमच्या मशीनवर आनंदानं विकू. ऐकायला बरं वाटतं. पण ॲपलनं ते एकदा करून बघितलेलं आहे. १९९५ पासून पॉवर कॉम्प्युटिंग, युमॅक्स, मोटोरोला अशांना मॅकची नक्कल करायचं लायसन्स दिलं होतं, अपेक्षा अशी की विंडोजवाले इकडे येतील, आणि झालं असं की ॲपलचंच गिऱ्हाईक स्वस्त नकलेकडे गेलं. १९९७ मध्ये जॉब्स परत आला आणि त्यानं ते बंद केलं, पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा धंदा १० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात घेऊन टाकला. आता १२९ डॉलरचा ओएसचा डबा आणि १२९९ डॉलरचा आयमॅक, यातलं काय विकून कंपनी चालते हे सांगायला सीए लागत नाही.

कोर्टातही हे झालंच. फ्लोरिडातल्या सायस्टार नावाच्या कंपनीनं २००८ मध्ये ३९९ डॉलरला ओएस टेन चालवणारा पीसी विकायला काढला, तेव्हा भाचा पेढे वाटायचा बाकी होता. ॲपलनं जुलैमध्ये केस केली. सायस्टारचं म्हणणं, आम्ही डबे विकत घेतलेत, आणि ॲपल स्वतःच्या ओएसला स्वतःच्या मशीनशी बांधून मक्तेदारी करतंय. जज विल्यम ऑलसप यांनी मक्तेदारीचा मुद्दा आधीच काढून टाकला, एका कंपनीचं ओएस म्हणजे आख्खा वेगळा बाजार होत नाही असं म्हणून, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये कॉपीराइटचा निकाल ॲपलच्या बाजूनं. डबा विकत घेतला म्हणून त्यात बदल करून त्याच्या प्रती मशीन्सवर टाकायचा हक्क मिळत नाही, असं. २०११ मध्ये वरच्या कोर्टानंही तेच धरलं.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे आणि भाच्याला ते पटत नाही. ॲपलला प्रोसेसर एवढा सफाईनं बदलता आला तो याच कुलपामुळे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एनटी अल्फा, मिप्स, पॉवरपीसी सगळ्यांवर काढून बघितलं, १९९६ च्या एनटी ४ ला चार प्रकारचे प्रोसेसर चालायचे, आणि विंडोज २००० येईपर्यंत घरंगळत परत इंटेलच्याच घरी. कारण मायक्रोसॉफ्ट कुणाला 'आता सगळे तिकडे चला' असं सांगू शकत नव्हतं, मशीन बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. ॲपलचं मशीन त्याचं, ओएस त्याचं, तारीख त्याची. म्हणून दीड वर्षात सगळी फौज इकडून तिकडे. अण्णा याला वाड्याच्या मालकाचं उदाहरण देतात: मालक एकटा असला की वाडा पटकन पाडून पटकन इमारत उभी राहते, भाऊबंदकी असली की वीस वर्षं कोर्टात, पण एकट्या मालकाच्या वाड्यात भाडेकरूनं सामान कधी हलवायचं ते मालकच ठरवतो. अण्णा स्वतः भाडेकरू आहेत, त्यामुळे हे त्यांना आतून माहीत आहे.

त्यामुळे ॲपल वाईट की चांगलं या वादात मला रस नाही. मी तेव्हापासून दुकानदारांना एवढंच विचारतो की तुमच्या कामाच्या साखळीत अशा किती कड्या आहेत ज्यांची तारीख तुम्ही ठरवत नाही, आणि त्यातली सगळ्यात छोटी कुठली. अण्णांच्या साखळीत इंटेल, ॲपल ही मोठी माणसं वेळेच्या आधी हजर होती, नि एका डोंगलचा ड्रायव्हर आलाच नाही. मोठी कंपनी निदान तारीख जाहीर तरी करते, छोटी "डेव्हलपमेंट चालू आहे" म्हणते.

आता पोराच्या हातात

२०२० च्या जूनमध्ये ॲपलनं परत तेच जाहीर केलं, यावेळी स्वतःचाच प्रोसेसर, नोव्हेंबरमध्ये एम१, परत रोझेटा, दुसरं, परत डेव्हलपर लोकांना भाड्यानं मशीन, यावेळी ५०० डॉलरला. २०२३ मध्ये मॅक प्रो बदलला आणि इंटेल संपलं. बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर विंडोज टाकायची सोय, ती नव्या चिपवर नाहीच. २०२५ मध्ये सांगितलं की टाहो हे इंटेलसाठी शेवटचं मॅकओएस, आणि दुसरं रोझेटा त्याच्या पुढच्या आवृत्तीपर्यंत पूर्ण चालेल, नंतर जवळपास नाही. आणि यावेळी विंडोजवाले सुटले असंही नाही, विंडोज ११ ला टीपीएम २ हवा, ठरावीक पिढीच्या पुढचाच प्रोसेसर हवा, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. दुकानातले दोन पीसी सातव्या पिढीचे आय५ आहेत, चांगले धडधडीत चालतायत, पण यादीत नाहीत. म्हणजे २००५ मध्ये ज्या चिपवरून ॲपलच्या नावानं ओरड झाली तशीच चिप आता मायक्रोसॉफ्ट दारात मागतंय.

दुकान आता अण्णांचा मुलगा बघतो. मजकूर युनिकोडमध्ये येतो, बराचसा व्हॉट्सॲपवर, पितृपंधरवड्यातच. त्याच्याकडे २०१९ चे दोन इंटेल आयमॅक आहेत आणि भाचा, आता केस पिकलेला, त्याला ओपनकोअरचं सांगतोय, की जुन्या मॅकवर नवीन ओएस टाकता येतं. मुलानं हसून "बघू दादा" म्हटलं, वडिलांच्याच आवाजात.

पण एक गोष्ट त्यानं बरोबर केली. मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी त्यानं कागदावर यादी केली, दुकानात काय काय इंटेलसाठीच बनलेलं चालतंय. फॉण्ट मॅनेजर निघाला, सीटीपीवाल्याकडे (छपाईच्या प्लेट काढणाऱ्याकडे) फाइल पाठवायचं एक छोटं सॉफ्टवेअर निघालं, आणि जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर निघाला. तिघांनाही मेल टाकून लेखी विचारलं की नव्या चिपसाठी कधी, रोझेटाशिवाय चालेल का. पहिल्याचं उत्तर दोन दिवसांत आलं, चालतंय, अपडेट करा. सीटीपीवाल्यानं सांगितलं की आता सगळं ब्राउझरमधूनच होतं, ते सॉफ्टवेअर काढून टाका. कन्व्हर्टरवाल्यांचं उत्तर आलं, "तपासून कळवतो." त्यामुळे एका मॅक मिनीची ऑर्डर दिलीय, दुसरा आयमॅक आहे तसाच ठेवलाय, टाहोच्या आधीच्या सिकोयावर, आणि यंदाचे अंक निघेपर्यंत त्याला कुणी अपडेट दाबायचा नाही असं ठरलंय.